तास सारखा, चढ निराळा

माझ्याकडे येणारा माणूस दारातूनच एचपी मागतो. "मॅडम, साडेसातची मोटर द्या." कशाला हवी, ते विचारलं तर नाराज होतो. बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे पाचची असते, एवढंच कारण असतं.

मी मूळची साताऱ्याची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि सांगलीत एका पंपांच्या कंपनीत चिकटले ती अजून तिथेच आहे. माझं काम पंप विकण्याचं नाही, निवडून देण्याचं आहे, असं मी म्हणते. आमचे साहेब तसं म्हणत नाहीत. पाणी किती खोल आहे, ते किती उंच न्यायचं आणि किती न्यायचं, एवढे तीन प्रश्न मी विचारते आणि उत्तरावरून मोटर सांगते. बऱ्याचदा ती गिऱ्हाइकाच्या मनातल्या मोटरीपेक्षा लहान निघते. मग ते बाहेर जाऊन म्हणतात, बाई माणूस, जपूनच सांगणार.

गोंधळ असतो तो एककांचा. शाळेत सगळ्यांनी ज्यूल पाठ केलेला असतो आणि पुढे आयुष्यात तो कुणालाच भेटत नाही. मी साताऱ्याची असल्यामुळे तो पेढ्यांत सांगते. चार कंदी पेढ्यांचं वजन साधारण शंभर ग्रॅम. तेवढ्या वजनाला पृथ्वी ज्या जोराने खाली ओढते, तो झाला साधारण एक न्यूटन. ते पेढे जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत, म्हणजे मीटरभर वर आणले की एक ज्यूल खर्ची पडला. जोर गुणिले अंतर, बस. हेच काम एका सेकंदात केलंत तर तुम्ही एक वॅटचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेंगाळत केलंत तरी ज्यूल एकच, वॅट मात्र कुणाला सांगण्यासारखे राहत नाहीत. हजार वॅट तासभर चालले की झाला तुमच्या विजेच्या बिलावरचा एक युनिट. त्यात छत्तीस लाख ज्यूल मावतात. एवढ्या ऊर्जेत हजार लिटर पाणी सातारा गावातून थेट अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर जातं, तेही कागदावर. प्रत्यक्षात मोटर, पंप आणि पाइप वाटेत आपापला वाटा खातात आणि पाणी निम्म्या डोंगरात थांबतं.

एचपी म्हणजे पंचाहत्तर किलोचा गडी एका सेकंदात मीटरभर वर उचलायची धमक. म्हणजे एचपी काय आणि किलोवॅट काय, दोन्ही काम करण्याचा वेग सांगतात. युनिट सांगतो झालेलं काम. एक गाडीचा वेग, दुसरं कापलेलं अंतर. हे इतकं सोपं आहे, तरी पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याने मला विचारलं होतं, माझा गीझर तासाला किती किलोवॅट खातो? मी त्याला उलट विचारलं, वाईपासून तुमचं हॉटेल किती वेग आहे? मला वाटलं, लाजेल. तो शांतपणे म्हणाला, "घाटात ट्रक आडवा आला तर वीस."

वाईला माझी नणंद असते. तिला डॉक्टरांनी कॅलरी मोजायला सांगितल्या, तेव्हा तिने मला फोन केला, कारण माझं खातं ऊर्जेचं. मी हिशोब करून दिला. एका पेढ्यात शंभर कॅलरी धरल्या, तर त्याचे चार लाखांवर ज्यूल होतात. चार पेढे उचलायला एक ज्यूल लागतो आणि एक पेढा खाल्ला तर लाखांनी पदरात पडतात. शरीर त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामाला लावतं, बाकीची नुसती ऊब. तरीही एक पेढा जिरवायला अर्धा अजिंक्यतारा चढावा लागेल, असं मी तिला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि तो उतरताना खाल्ला तर?"

माझ्या नोकरीत मला असे प्रश्न विचारणारी माणसं आवडतात. त्यांत पहिला नंबर सुभद्राअक्कांचा.

अक्का आटपाडीकडच्या. एसटीने सांगलीला आल्या, आमच्या ऑफिसात खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हिरीवर पाचाची हाय. धाची द्या." वय साठीच्या पुढचं, अंगाने काटक, आवाज मात्र दुष्काळी भागाला न शोभणारा, भरपूर. मी माझे तीन प्रश्न काढले. पाणी किती उंच न्यायचं, यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं म्हायेर कोयनानगरच्या खोऱ्यातलं हाय बाई. पाणी वर न्यायला काय पडतं आन् खाली आल्यावर काय मिळतं, ते मला शिकवू नका. मोटर द्या."

त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. विहीर एक, मोटर एक, मालक दोन. एक अक्का आणि दुसरे त्यांचे धाकटे दीर, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. दिराचं शेत आणि हौद विहिरीला लागून. अक्कांची डाळिंबाची बाग वर माळावर, हौदही तिथेच. हौद वर भरला की पाणी ठिबकच्या नळ्यांतून आपोआप झाडांना उतरतं. विहिरीची वाटणी अक्कांच्या नवऱ्यानेच हयातीत करून दिली होती: पाळी तासांवर, दोघांना सारखे तास. तेव्हा माळावर नुसतं गवत होतं आणि दोघांचंही भिजणारं रान खालीच होतं, त्यामुळे वाटणीत काही वाकडं नव्हतं. पुढे खालचा तुकडा मुलीच्या लग्नात गेला, अक्कांनी माळ फोडून डाळिंब लावलं, आणि तास तेवढे तसेच राहिले. त्या तासांत दिराचा हौद भरून वाहतो, अक्कांचा अर्ध्यावर राहतो.

अडचण हौदाची असती तर अक्का सांगलीपर्यंत आल्या नसत्या. त्यांनी आंबे बहार धरला होता. डाळिंबाला आधी पाणी तोडून ताण द्यायचा, पानं गाळायची आणि मग पाणी सोडून फुलं आणायची, अशी ती रीत. ताण देऊन झाला होता, पाणी सोडलं होतं, कळ्या दिसत होत्या. आता पाणी कमी पडलं की फूल गळणार आणि वर्ष गेलं. आणि हे वर्ष गेलं तर अक्कांनी बाग दिराला कसायला देऊन पुण्याला लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. ठरवलं कुणी, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मीच. रागात बोलले चार माणसांत. आता मागं कसं घ्यायचं?"

लेक चांगली, जावई चांगला, फ्लॅट बाराव्या मजल्यावर. मी म्हटलं, मग वाईट काय आहे?

"तिथं हौद न्हाई, बांध न्हाई," अक्का म्हणाल्या, "आन् भांडायला भावजी न्हाईत."

मी जाऊन बघते म्हटलं. दहाची मोटर तिथल्या तिथे विकली असती तर साहेब खूश झाले असते, पण आटपाडीकडच्या विहिरीला झरे किती असतात ते मला माहीत होतं. दहाची मोटर तिचं पाणी बघता बघता तळाला नेईल आणि मग हवा ओढत बसेल. शिवाय मोटर दोघांची. ती मोठी केली तर दिराचा हौद आणखी वाहणार, एवढाच फरक.

गेले तेव्हा माघातलं ऊन होतं आणि त्या आठवड्यात शेतीला लाइट दिवसाची होती. विहिरीवर सुभेदार खुर्ची टाकून बसलेले. पांढऱ्या मिशा, बुटांना पॉलिश, मनगटात घड्याळ, गळ्यात शिट्टी. पाळी बदलली की शिट्टी वाजायची आणि गडी व्हॉल्व्ह फिरवायचा. मी इतके पंप पाहिले, पण शिट्टीवर चालणारा हा पहिलाच. माणूस लबाड असेल अशी माझी तयारी होती. निघाला अगदी सरळ. उलट स्वतःची पाळी मिनिटभर आधीच संपवायचा, म्हणजे वैनीला बोलायला जागा नको. लबाड माणसाला पकडता येतं. सरळ माणूस चुकीच्या मापाला प्रामाणिक राहिला की त्याचं काय करायचं, हे डिप्लोमाला शिकवत नाहीत.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. पंपाला उंची जास्त दिली की तो पाणी कमी देतो. हीच मोटर खालच्या हौदाला तासात जेवढं पाणी देते, त्याच्या जवळजवळ निम्मंच माळावर चढतं. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळावर बोट ठेवलं.

"मॅडम, टाइम इज टाइम. तिचा बी तास, माझा बी तास. फौजेत पहाऱ्याची डूटी तासावर असती. डोंगरावरचा पहारा चार तास आन् खालचा दोन तास, असं आसतंय का?"

मागून अक्का म्हणाल्या, "फौजेत पाणी कोण आणत हुतं, ते इचारा."

मला तिथे कागद काढून न्यूटन गुणिले मीटर मांडता आलं असतं. पण घड्याळावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कागद दाखवून उपयोग नसतो. आणि खरं सांगायचं तर मला गंमत सुचली होती.

मी म्हटलं, सुभेदारसाहेब, मोटर घटकाभर बंद ठेवू. विहिरीवर हे पाण्याचं पिंप भरलेलं आहे. तुम्ही यातलं पाणी कॅनने वैनींच्या हौदात नेऊन ओता, वैनी तुमच्या हौदात ओततील. कॅन सारखे, वेळ सारखी. शिट्टी माझ्याकडे द्या.

सुभेदार हसले. ते रोज पहाटे पळायला जातात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याला नव्हतं त्याला ते सांगत. वैनीशी शर्यत लावणं त्यांना शोभत नाही, असं ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "भावजी, दम लागंल म्हनून भीत असाल तर राहू द्या." त्यावर त्यांनी शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

बघता बघता आजूबाजूच्या शेतांतली माणसं बांधावर येऊन बसली. आटपाडीकडे करमणुकीचा तुटवडा नाही, पण ती आयती चालून आली तर कुणी सोडत नाही. मी शिट्टी वाजवली.

सुभेदार पहिला कॅन घेऊन माळावर जवळजवळ पळतच गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी घाई केली नाही. कॅन उचलायचा, विहिरीच्या कडेने चालत जायचं, दिराच्या हौदात ओतायचा, पदराने तोंड पुसायचं आणि परत. मधे त्या कुणाच्या तरी सुनेशी पापडांबद्दल बोलूनही घेत होत्या. सुभेदारांची दुसरी खेप सरळ चालीत झाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटेत एकदा खांदा बदलला. पुढच्या खेपेला चढाच्या मध्यावर एक बाभूळ आहे, तिच्या सावलीला कॅन टेकवून ते उभे राहिले आणि गावाकडे बघू लागले, जणू काही गावाची पाहणीच करायची होती.

"भावजी," अक्कांनी खालून विचारलं, "पहारा द्यायला लागला व्हय?"

बांधावरची माणसं खाली मान घालून हसली. सुभेदारांनी कॅन उचलला. मी पुन्हा शिट्टी वाजवली तेव्हा ते रिकामा कॅन घेऊन उतरत होते. बुटांवरचं पॉलिश गेलं होतं. खाली आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेतला. त्यांच्याच हौदात अक्कांनी ओतलेलं पाणी त्यांच्या समोर होतं. वरच्या हौदात त्यांनी नेलेलं पाणी तळाला जेमतेम चमकत असेल. कुणीतरी खेपा मोजायला लागलं तसे ते उसळले.

"मोजता काय? काम माझंच जास्त झालंया. ही सपाटीनं फिरली. मी चढलो. परत ह्यो देह बी वर न्यावा लागतो, कॅनसंगट. तास सारखा आसंल, पर मधी चढ हाय का न्हाई?"

अक्कांनी पदर खोचला.

"हेच मी तीन वरसं सांगती," त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग माळाकडे, मग मोटरीकडे. सैन्यात राहिलेल्या माणसाचा एक गुण असतो, ऑर्डर चुकली हे कळलं की ती तो लांबवत बसत नाही. त्यांनी विचारलं, मग पाळी कशावर धरायची?

इथे खरा पेच होता, आणि तो माझ्या हातातला नव्हता. युनिटांवर वाटणी करा म्हटलं तर दोघांना ऊर्जा सारखी मिळेल, पण अक्कांचं पाणी उंच चढणार म्हणून कमीच राहणार. पाण्यावर करा म्हटलं तर पाणी सारखं होईल, पण अक्कांचं पाणी जास्त युनिट खाणार आणि मोटर जास्त वेळ वर चालणार. तास, युनिट आणि लिटर, तिन्ही मापं खरी आहेत आणि तिन्ही मापांनी वाटणी वेगळी पडते. न्यूटनचं मीटरशी काय नातं आहे ते मी सांगू शकते. भावजीचं वैनीशी काय असावं, ते मला विचारू नये. मी तिन्ही गोष्टी सांगितल्या आणि ठरवणं त्यांच्यावर सोडलं.

सुभेदारांनी अडचण बरोबर हेरली. म्हणाले, लिटरवर वाटलं तर तिच्या पाण्याला वीज जास्त लागंल.

"जास्तीची वीज माझ्याकडं," अक्का म्हणाल्या. "चढ माझा हाय, त्यो तुमच्या गळ्यात कशाला घालू?"

पाइपावर पाण्याचा मीटर बसवायचा आणि लिटर सारखे वाटायचे, असं ठरलं. दुपारी सगळे अक्कांकडेच जेवले. सुभेदारांनी बाजरीच्या भाकऱ्या भरपूर खाल्ल्या. चार जाड भाकऱ्यांत साधारण एका युनिटाइतकी ऊर्जा असते, हे मी त्यांना सांगितलं. मग आपण सकाळपासून किती युनिट काम केलं, असं त्यांनी विचारलं. मी मनाशी हिशोब केला. स्वतःच्या देहासकट माळ चढल्याचं काम मोजलं, तरी ते एका युनिटाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास भरत होतं. दिवसभर राबलेल्या गड्याचासुद्धा अर्धा युनिट होत नाही. जेवत्या माणसाला हे सांगू नये एवढं मला कळतं. मी म्हटलं, बरंच केलंत. त्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

सांगलीत साहेबांनी विचारलं, आटपाडीला कोणती मोटर गेली? मी म्हटलं, पाण्याचा मीटर गेला. पुढची तीन-चार गिऱ्हाइकं त्यांनी परस्पर दुसऱ्याकडे पाठवली. माझ्या धंद्यात याची खंत करायची नसते. बसवलेली मोटर लोकांना दिसते. न बसवलेली कुणालाच दिसत नाही, आणि माझं निम्मं काम त्यातलंच आहे.

अक्कांचा बहार टिकला. डाळिंबाची एक पेटी ऑफिसात आली, एक पुण्याला बाराव्या मजल्यावर गेली. अक्का गेल्या नाहीत. लेकीला सांगितलं म्हणे, पाण्याचा मीटर बघायला घरचं माणूस लागतं. शिट्टी अजून आहे. आता ती घड्याळावर वाजत नाही, मीटरचा आकडा झाला की वाजते. सुभेदार खुर्चीसकट तिथेच असतात.

त्यानंतर काही दिवसांनी अक्कांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"बाई, माझ्या हौदाखाली पाझर लागलाय. पाणी उतरून भावजींच्या मक्याला जातंया. वर चढवायला जास्तीची वीज माझी गेली का न्हाई?"

गेली, मी म्हटलं.

"मग खाली उतरताना त्यातनं जे निघतं, ते कुणाचं? कोयनेला पाणी खाली सोडून येवढी वीज करत्यात. सरकार फुकट सोडतंय व्हय?"

प्रश्न बिनचूक होता. चढवलेल्या पाण्यात ऊर्जा साठते आणि उतरताना ती परत मिळते. फक्त अक्कांच्या पाझरातून निघणाऱ्या ऊर्जेवर एक दिवासुद्धा धड पेटला नसता. पण मागे कुठेतरी शिट्टी वाजली आणि वैनी, फोन ठेवा, असा आवाज आला, म्हणजे वाद आधीपासूनच सुरू होता. मी कामाचं तेवढं बोलले. अक्का, पाझर बुजवून टाका, सिमेंटची अर्धी पाटी लागेल.

"बुजवीन की," अक्का म्हणाल्या. "पर आदी त्येंच्याकडनं कबूल तर करून घेऊ द्या."